सोलची पेटी हाती आली तर

इंग्लंडच्या उत्तर आणि मध्य भागात, विशेषतः लँकेशायर, यॉर्कशायर आणि स्टोक-ऑन-ट्रेंटच्या आसपास, जुन्या घराचा माळा रिकामा केला की कधी कधी सात इंची रेकॉर्डची एक जड पेटी खाली येते. आत शंभर-सव्वाशे रेकॉर्ड, बहुतेक अमेरिकन, आणि गायकांची नावं कधी न ऐकलेली. तळाशी एखादं क्लबचं मेंबरशिप कार्ड, मुठीचं चित्र असलेला कापडी बिल्ला, लांबच्या बसचं तिकीट. घरच्यांना त्याचं काही वाटत नाही. कार-बूट सेलला, म्हणजे गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकायच्या बाजारात, ती पेटी दहा-वीस पौंडांत जाते किंवा शेजाऱ्याला फुकट मिळते. मँचेस्टर, लीड्स, बर्मिंगहॅमकडे राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी जुन्या वस्तूंचा नाद असलेल्यांच्या हाती अशी पेटी पडू शकते. पडलीच तर काय करायचं, ते इथे सांगतो.

आधी ही कसली रेकॉर्ड आहेत ते थोडक्यात. साठच्या दशकात डेट्रॉइट, शिकागो, लॉस एंजेलिस, फिलाडेल्फिया इथल्या लहानमोठ्या कंपन्यांनी मोटाउन या डेट्रॉइटच्या कंपनीच्या धाटणीची सोलची (कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या लोकप्रिय संगीताची) असंख्य नाचाची गाणी काढली. त्यातली बरीचशी अमेरिकेत आपटली. काहींच्या काही शेच प्रती निघाल्या आणि त्याही गोदामात पडून राहिल्या. पुढे इंग्लंडच्या गिरणी-खाणींच्या गावांतल्या पोरांनी नेमकी तीच आपटलेली गाणी शोधून काढून त्यांवर रात्ररात्र नाच केला. लंडनच्या सोल सिटी दुकानाचे डेव्ह गोडिन यांनी १९७० मध्ये 'ब्लूज अँड सोल' मासिकातल्या आपल्या सदरात या आवडीला 'नॉर्दर्न सोल', म्हणजे उत्तरेकडचं सोल, हे नाव दिलं. नाव पडलं ते ऐकणाऱ्यांच्या गावांवरून. संगीत सगळं अमेरिकेचं. हे लक्षात ठेवलं की पुढचा एक मुद्दा आपोआप उलगडतो: इथे लोकप्रिय गाण्याला भाव नसतो, पडलेल्या गाण्याला असतो.

सगळ्यात आधी हात आवरा

पेटी उघडली की रेकॉर्ड बाहेर काढून वर्णानुक्रमे लावायचा मोह होतो. तो टाळा. मालकाने रेकॉर्ड ज्या क्रमाने ठेवली त्या क्रमालाही अर्थ असतो. कुणी कंपनीनुसार लावतं, कुणी वाजवायच्या क्रमाने, कुणी सगळ्यात महागडी पाच-सहा पुढे ठेवतं. झाकण उघडून वरून एक फोटो घ्या. मग पुढून मागे १ पासून क्रमांक द्या. क्रमांक रेकॉर्डवर किंवा तिच्या पाकिटावर लिहायचा नाही. आम्लमुक्त कागदाची अर्ध्या इंचाची पट्टी करा, तिच्यावर मऊ पेन्सिलने क्रमांक लिहा आणि ती पाकिटात सरकवा. चिकटपट्टी, स्टिकर, बॉलपेन यांना दूरच ठेवा.

प्रत्येक रेकॉर्डचे चार फोटो लागतात: दोन्ही बाजूंची लेबलं आणि दोन्ही बाजूंची रनआउट, म्हणजे शेवटच्या खाचेपासून लेबलापर्यंतची गुळगुळीत पट्टी. रनआउटचा फोटो काढताना दिवा तिरका, जवळजवळ रेकॉर्डच्या पातळीत धरा. वरून प्रकाश पाडला तर कोरीव अक्षरं दिसतच नाहीत.

लेबलावर पेन्सिलीची खूण, आडनाव, 'ए' बाजूला फुली, असं काही असेल तर खोडू नका. व्यापारी अशा लिखाणाचे पैसे कापतात हे खरं, पण ती रेकॉर्ड कुणाच्या हातातून गेली याचा पुरावा बऱ्याचदा तेवढाच असतो. आणि लेबल कोऱ्या कागदाने झाकलेलं असेल किंवा त्यावर भलतंच नाव चिकटवलेलं असेल, तर ते अजिबात सोलू नका. त्याला 'कव्हर-अप' म्हणतात. आपल्याला सापडलेलं गाणं दुसऱ्या डीजेला सापडू नये म्हणून डीजे गायकाचं खोटं नाव लावायचे. फ्रँक विल्सनचं सगळ्यात प्रसिद्ध गाणं सुरुवातीला 'एडी फॉस्टर' या नावाखाली वाजत होतं. चिकटवलेला कागद हा त्या काळाचा दस्तऐवज आहे. खाली कोणती रेकॉर्ड आहे हे रनआउटच्या क्रमांकावरून कळतं, त्यासाठी कागद काढायची गरज नाही.

विनायल, स्टायरीन की ॲसिटेट

इथे चूक झाली तर पुढची प्रत्येक पायरी चुकते, म्हणून वेळ द्या.

विनायलची रेकॉर्ड दाबून बनते आणि लेबल त्याच दाबात आत बसतं. तिची कड पातळ, किंचित धारदार असते. स्टायरीनची रेकॉर्ड साच्यात प्लॅस्टिक सोडून बनवतात, लेबल नंतर गोंदाने लावतात किंवा थेट छापतात. तिची कड चौकोनी, बोथट लागते. नखाने कडेला हलकी टिचकी मारा. विनायल मंद 'थप' करतं, स्टायरीन टणक 'टक' करतं. वाकवून बघू नका. विनायल वाकतं, स्टायरीन मोडतं.

फरक एवढा महत्त्वाचा का? स्टायरीन झिजण्याच्या बाबतीत फार हळवं आहे. जड सुईने वीस-तीस वेळा वाजवलेली स्टायरीनची रेकॉर्ड दिसायला आरशासारखी असते आणि वाजवली की प्रत्येक 'स'वर फुसफुसते. नुसतं बघून प्रतवारी करणारे फसतात ते इथेच. उलट विनायलवर ओरखडे दिसत असूनही ती खणखणीत वाजू शकते. म्हणून स्टायरीनची प्रत ऐकल्याशिवाय विकत घेऊ नये, आणि विकायची असेल तर ऐकल्याशिवाय प्रतवारी लिहू नये.

एकच गाणं दोन्ही प्रकारांत खरंखुरं मिळू शकतं, कारण अमेरिकन कंपन्या एकच रेकॉर्ड दोन-तीन ठिकाणच्या कारखान्यांतून काढून घ्यायच्या. तेव्हा 'माझी विनायल आहे आणि मित्राची स्टायरीन, म्हणजे एक नकली' असा निष्कर्ष घाईने काढू नका.

तिसरा प्रकार ॲसिटेट. ॲल्युमिनियमच्या चकतीवर नायट्रोसेल्युलोज लॅकरचा थर, आणि त्यात खाचा थेट कोरलेल्या. हातात घेतली की वजन जाणवतं, भोकाच्या कडेला धातू चमकतो. सत्तरच्या दशकात ब्रिटनमध्ये दुर्मीळ रेकॉर्डवरून अशा प्रती कोरून घ्यायची रीत होती. लेबलावर बहुधा 'एमिडिस्क' छापलेलं असतं, नाव हाताने किंवा टंकलेखन यंत्राने लिहिलेलं. मंडळी त्यांना 'कार्व्हर' म्हणतात. मूळ रेकॉर्डइतका भाव त्यांना नसतो, पण अमुक डीजेकडे ते गाणं होतं हे त्या सांगतात. दर वाजवणीला ॲसिटेट झिजते. एकदाच वाजवा, तेव्हाच डिजिटल करून घ्या. पृष्ठभागावर पांढरट, मेणचट थर दिसला तर लॅकर विघटित व्हायला लागलं आहे. तो घासू नका, आणि अल्कोहोलचा एक थेंबही लावू नका, लॅकर विरघळतं.

रनआउट वाचणं

लेबल छापणं सोपं, रनआउट नकलणं अवघड. म्हणून जाणकार लेबलाकडे नंतर बघतात. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि तिथली प्रत्येक खूण लिहून काढा, अगदी अर्थ न कळणारीही.

लहान त्रिकोण आणि त्यापुढे पाच-सहा आकडी संख्या दिसली तर ती लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्याची प्रत. वर्तुळातली एम-आर ही अक्षरंही त्यांचीच. दुसऱ्या बाजूवर तोच आकडा येतो आणि शेवटी एक्स. हे आकडे काळाबरोबर चढत जातात, त्यामुळे रेकॉर्ड कधी काढली याचा अंदाज करता येतो. 'एआरपी' असा यंत्राने मारलेला ठसा म्हणजे मिशिगनमधल्या ओवासो गावातली अमेरिकन रेकॉर्ड प्रेसिंग. मोटाउनचं बरंचसं काम तिथेच होई. १९७२ मध्ये हा कारखाना जळाला. त्यानंतर काढलेल्या प्रतीवर हा ठसा दिसायचं कारण नाही. 'बेल साउंड' हा न्यूयॉर्कच्या स्टुडिओचा ठसा, 'ऑडिओ मॅट्रिक्स' आणि 'नॅशव्हिल मॅट्रिक्स' हे धातूचे साचे बनवणाऱ्यांचे. स्टुडिओचा आणि कारखान्याचा असे दोन ठसे एकाच रेकॉर्डवर असू शकतात, त्यात गडबड काही नाही.

आता नकलीबद्दल. सत्तरच्या दशकात मागणी एवढी वाढली की नकली प्रतींचा पूर आला. त्या नकलीही आज पन्नास वर्षांच्या झाल्या, जुनाट दिसतात, आणि माळ्यावर खऱ्यांच्या शेजारी बसलेल्या असतात. ओळखायच्या खुणा अशा. मूळ प्रतीवर यंत्राचा ठसा आणि तुमच्या प्रतीवर तोच मजकूर हाताने कोरलेला, तर शंका घ्या. लेबलाची अक्षरं भिंगाखाली पसरट, कडा फुटलेल्या दिसल्या, तर ते खऱ्या लेबलाचा फोटो काढून छापलेलं असण्याची शक्यता मोठी. मूळ प्रत फक्त स्टायरीनमध्ये निघाली आणि तुमची विनायल, तर जवळजवळ निकाल लागला. शेवटची परीक्षा कानाची. नकली बहुतेक वेळा दुसऱ्या रेकॉर्डवरूनच बनवलेली असते. त्यामुळे तिच्यात दोन खरखरी असतात, एक तुमच्या रेकॉर्डची आणि एक मूळ रेकॉर्डची. शेवटी गाणं विरत जातं त्या जागी हेडफोन लावून ऐका. गाणं संपताच खरखरीचा एक थर अचानक थांबला किंवा विरला, तर तो आतला, मूळ रेकॉर्डचा. खऱ्या प्रतीची खरखर गाणं संपलं तरी तशीच चालू राहते.

अधिकृत पुनर्मुद्रण हा निराळा प्रकार, त्याला नकली म्हणू नका. फ्रँक विल्सनची १९६५ ची मूळ प्रत डेट्रॉइटच्या 'सोल' नावाच्या लेबलवर, म्हणजे कंपनीच्या छापावर, ३५०१९ या क्रमांकाची, मोजकीच शिल्लक. त्यातली एक २००९ मध्ये लिलावात २५,७४२ पौंडांना गेली. ब्रिटनमध्ये टॅमला मोटाउनने तेच गाणं १९७९ मध्ये टीएमजी ११७० या क्रमांकाने काढलं, आणि पेटीत सापडलं तर तेच सापडणार. पाय डिस्को डिमांड, ग्रेपव्हाइन, कॅसिनो क्लासिक्स ही नावंही सत्तरच्या दशकातल्या अधिकृत पुनर्मुद्रणांची. १९८२ पासून केंट. नाचायला, ऐकायला ही उत्तम आहेत. मूळ प्रतीच्या किमतीला मात्र घेऊ नका.

ब्रिटिश प्रती

स्टेटसाइड, टॅमला मोटाउन, लंडन, स्यू या लेबलांच्या साठच्या दशकातल्या ब्रिटिश प्रतींना वेगळा ग्राहक आहे. त्यांना मध्ये लहान, सव्वासात मिलिमीटरचं भोक असतं, आणि भोवती चार दांड्यांवर टेकलेला काढता येणारा मधला तुकडा. ज्यूकबॉक्ससाठी, म्हणजे नाणं टाकून गाणं वाजवायच्या यंत्रासाठी, हा तुकडा तोडून टाकलेला असेल तर किंमत बरीच घसरते. लेबलावर मोठं 'ए' अक्षर म्हणजे प्रसारासाठीची डेमो प्रत. गाणं पडलं असेल तर डेमोच जास्त शिल्लक राहतात, म्हणून काही वेळा दुकानात विकली गेलेली प्रत डेमोपेक्षा दुर्मीळ निघते. हे उलटं वाटतं, पण भाव ठरवताना तपासून बघा.

प्रतवारीच्या भाषेतही एक खड्डा आहे. अमेरिकन आणि ब्रिटिश मापं वेगळी आहेत. ब्रिटिश 'एक्सलंट' साधारण अमेरिकन 'व्हीजी प्लस'च्या (व्हेरी गुड प्लस) आसपास बसतं. नुसतं 'व्हीजी' लिहिलेलं असेल तर विक्रेता कुठला ते आधी विचारा. आणि मागितलेल्या किमतीवर कधीच जाऊ नका, फक्त झालेल्या विक्रीचे आकडे बघा. ते डिस्कॉग्ज या रेकॉर्डच्या संकेतस्थळावर आणि लिलावांच्या जुन्या नोंदींत मिळतात.

धुणं

आधी कोरडी धूळ कार्बन फायबरच्या ब्रशने काढा. मग विनायलसाठी ७५० मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी, २५० मिलिलिटर शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि फोटोग्राफीच्या दुकानात मिळणाऱ्या वेटिंग एजंटचे (पाणी सगळीकडे पसरवणाऱ्या द्रवाचे) चार-पाच थेंब. जास्त थेंब टाकले तर खाचेत थर राहतो आणि सुईवर लोकरीसारखा मळ जमतो. स्टायरीनसाठी अल्कोहोल वगळा, फक्त डिस्टिल्ड पाणी आणि दोन-तीन थेंब. नळाचं पाणी वापरू नका, क्षार खाचेत बसतात आणि तेच पुढे टकटक वाजतात.

लेबलावर प्लॅस्टिकची चकती दाबून धरा. मऊ ब्रश खाचेच्या दिशेने, गोल फिरवा, आडवा नाही. नंतर निव्वळ डिस्टिल्ड पाण्याने दुसरा हात, आणि रेकॉर्ड उभी करून सावलीत वाळवा. स्टायरीनचं लेबल गोंदाने लावलेलं असल्याने पाणी पोचलं की सुटतं.

या पेट्यांत दोन खास मळ असतात. एक सिगारेटच्या धुराचा तपकिरी चिकट थर. तो विनायलवरून दुसऱ्या धुण्यात निघतो. दुसरा टॅल्कम पावडर. पाय सरकावेत म्हणून नाचणारे फ्लोअरवर पावडर टाकायचे आणि ती हवेत उडून डीजेच्या टेबलापर्यंत जायची. खाचेत ओली झालेली पावडर लगद्यासारखी बसते, म्हणून आधी पूर्ण कोरडी घासा आणि मगच पाणी लावा. उलट क्रमाने केलंत तर तीनदा धुवावं लागेल.

वाजवणं आणि उतरवणं

अमेरिकन रेकॉर्डला मध्ये ३८ मिलिमीटरचं मोठं भोक असतं. त्यात दाबून बसवायची प्लॅस्टिकची चकती मिळते, पण ती स्टायरीनमध्ये दाबू नका, भोकाच्या कडेला तडा जातो. त्याऐवजी टर्नटेबलच्या खिळ्यावर बसणारा धातूचा अडॅप्टर घ्या. भोक मध्यावर नसेल तर सूर लाटेसारखा वरखाली होतो. अडॅप्टर काढून रेकॉर्ड बोटाने हळूच सरकवत, सुईचा हात डोलायचा थांबेपर्यंत मध्य शोधावा लागतो.

सुई गोल टोकाची, १८ मायक्रॉनची, आणि भार दीड ते अडीच ग्रॅम. भार मोजायचा छोटा काटा घ्या, अंदाजाने लावू नका. झिजलेल्या विनायलवर २५ मायक्रॉनची गोल सुई कधी कधी चमत्कार करते, कारण ती खाचेच्या वेगळ्या, न झिजलेल्या उंचीवर टेकते.

ही रेकॉर्ड जवळजवळ सगळी मोनो आहेत. उतरवताना दोन्ही चॅनेल वेगवेगळे ठेवून ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटला वेव्ह फाइल करा, आवाजाचं टोक उणे ६ डेसिबलच्या आसपास ठेवा. नंतर दोन्ही चॅनेल ऐका. खाचेची एक भिंत जास्त झिजलेली असते. एक चॅनेल स्पष्टपणे स्वच्छ असेल तर तोच मोनो म्हणून वापरा, नाहीतर दोन्ही मिळवा. खरखर काढायचं सॉफ्टवेअर मूळ फाइलवर कधीच चालवू नका, प्रतीवर चालवा. फाइलच्या नावात पेटीतला क्रमांक, लेबल, कॅटलॉग क्रमांक आणि बाजू एवढं हवंच.

पेटीवरून क्लब ओळखणं

इथे कामाला खरी चव येते. पेटीतल्या गाण्यांवरून मालक कुठल्या फ्लोअरवर नाचला असेल ते बऱ्यापैकी सांगता येतं.

मँचेस्टरचा ट्विस्टेड व्हील क्लब १९६३ मध्ये ब्रेझनोज स्ट्रीटवर सुरू झाला, १९६५ मध्ये व्हिटवर्थ स्ट्रीटवर गेला आणि १९७१ च्या सुरुवातीला बंद झाला. व्हीलच्या माणसाच्या पेटीत ब्रिटिश प्रतींचं प्रमाण जास्त, आणि आर-अँड-बीकडे, म्हणजे रिदम अँड ब्लूजकडे, झुकणारी गाणीही सापडतात. स्टोक-ऑन-ट्रेंटमधल्या टनस्टॉलच्या गोल्डन टॉर्च क्लबमधल्या ऑल-नायटरचा, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या नाचाचा, काळ जेमतेम, १९७२ ते मार्च १९७३. गायक मेजर लान्स डिसेंबर १९७२ मध्ये तिथे गायला आणि त्याचं ध्वनिमुद्रण रेकॉर्ड म्हणून निघालं. पेटीत ती एलपी असेल तर मालक टॉर्चला होताच असं नाही, पण विचारायला चांगली सुरुवात मिळते.

विगन कॅसिनो हा नाचाचा क्लब (जुगारघर नव्हे) २३ सप्टेंबर १९७३ ला पहाटे दोन वाजता उघडला आणि ६ डिसेंबर १९८१ ला बंद झाला. जलद, ठोक्याठोक्यावर पाय पडेल अशी साठच्या दशकातली गाणी ही तिथली ओळख. सकाळी आठला संपताना ठरलेली तीन गाणी वाजत: जिमी रॅडक्लिफ, टोबी लेजंड आणि डीन पॅरिश यांची. 'थ्री बिफोर एट' म्हणत त्यांना. ती तिन्ही पेटीत एकत्र ठेवलेली सापडली तर विगनकडे बोट दाखवणारी ती मोठी खूण. ब्लॅकपूलमधल्या मेका या नृत्यगृहाच्या हायलँड रूममध्ये मात्र इयन लेव्हिन आणि कॉलिन कर्टिस सत्तरच्या दशकातलं नवं, मऊ, डिस्कोकडे जाणारं सोल वाजवू लागले. तो ऑल-नायटर नव्हता, पहाटे दोनला बंद व्हायचा. त्यावरून मंडळींत जे दोन तट पडले ते आजही पबमध्ये टेबल वेगळं करतात. पेटीत १९७२ ते ७६ ची रेकॉर्ड बरीच असतील तर मालक मेकाच्या बाजूचा. आणि साठच्या दशकातली संथ, जड, कमी ऐकलेली गाणी असतील तर ऐंशीच्या दशकातल्या स्टॅफर्डच्या टॉप ऑफ द वर्ल्डचा किंवा लंडनच्या १०० क्लबचा विचार करा. १०० क्लबमधले ऑल-नायटर ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासूनचे.

एक सावधगिरी. प्रत्येक पेटी 'विगनची' म्हणून विकली जाते, कारण विगनच्या नावाला भाव आहे. मेंबरशिप कार्ड, तारीख असलेलं तिकीट किंवा वर्धापनदिनाचा बिल्ला असेल तरच तसं लिहा.

आठवणी टिपताना

मालक हयात असेल तर रेकॉर्ड विकत घेण्याआधी त्याच्याशी बोला, आणि बोलताना पेटी समोर ठेवा. 'तेव्हाचं काही सांगा' असं विचारलं तर सगळे तेच सांगतात: घाम, पावडर, बसस्टँड. रेकॉर्ड हातात देऊन विचारा: ही कुठून घेतली, किती दिले, कुणी वाजवली होती, तुम्ही फ्लोअरच्या कुठल्या कोपऱ्यात असायचा. वाजवून दाखवा. गाण्याच्या ज्या जागी सगळे एकत्र टाळी द्यायचे तिथे माणसाचे हात आपोआप उठतात, आणि मग पुढचं बोलणं येतं.

फोन नको, वेगळा रेकॉर्डर वापरा, आणि गाणं वाजताना बोलणं टिपू नका, शब्द बुडतात. तासाभराच्या वर जाऊ नका.

स्मरण वर्षांत गफलत करतं. ती पकडायला रेकॉर्डच कामी येतात. एखादं गाणं १९७७ पर्यंत कुणाला माहीतच नव्हतं आणि सांगणारा ते व्हीलमध्ये ऐकलं म्हणत असेल, तर दोन रात्री एकमेकींत मिसळल्या आहेत. तिथेच दुरुस्त करू नका. जे सांगितलं ते तसंच लिहा, शेजारी वेगळ्या शाईत तुमची टीप. जागं ठेवणाऱ्या ॲम्फेटामिनच्या गोळ्यांचा विषय निघणारच, व्हील आणि टॉर्च दोन्हींच्या मागे पोलीस लागले ते त्यावरूनच. ते लिहावं, पण तिसऱ्या माणसाचं नाव लिहू नये. विगनमध्ये ऑल-नायटरच्या रात्री दारू मिळत नसे हेही बऱ्याच नव्या लोकांना ठाऊक नसतं, आणि 'दारू पिऊन नाचायचे' असं गृहीत धरून विचारलेला प्रश्न ऐकून म्हातारे उठून जातात.

पुन्हा फ्लोअरवर न्यायची असतील तर

आजही ब्रिटनभर सोल नाइट होतात. बहुतेक चांगल्या ठिकाणी नियम एकच: फक्त मूळ प्रत. पुनर्मुद्रण घेऊन गेलात तर कुणी भांडणार नाही, पण पुढच्या वेळी बोलावणं येणार नाही.

गाणी सव्वादोन ते पावणेतीन मिनिटांची. तासाभराला २२ ते २५ लागतात, पण पेटीत ५०-६० न्या, कारण रिकामं फ्लोअर बघून बेत बदलावा लागतो. गाणी एकमेकांत मिसळायची नाहीत. एक संपतं, डीजे गायक आणि लेबल सांगतो, दुसरं सुरू होतं. त्या दोन-तीन सेकंदांत नाचणारे श्वास घेतात, ते हिरावू नका. सुरुवातीची जागा शोधायला रेकॉर्ड सुईखाली पुढेमागे घोळवू नका. स्टायरीनवर तसं केलं की पहिल्या ठोक्याआधी कायमची फुसफूस बसते. सुई उचलून आधीच्या कोऱ्या खाचेत ठेवा. डीजे कार्ट्रिज तीन-चार ग्रॅमवर चालतात, म्हणून सगळ्यात नाजूक स्टायरीन घरीच राहू द्या.

थंड गाडीतून गरम हॉलमध्ये पेटी आणली की रेकॉर्डवर दव धरतं. झाकण न उघडता अर्धा तास थांबा. पावडर टाकायची असेल तर हॉलवाल्याला आधी विचारा, अनेक ठिकाणी आता मनाई आहे. फ्लोअरवरून पेयाचा ग्लास घेऊन चालत जाऊ नका. सांडलेल्या बिअरवर बुटाचा चामडी तळ एकतर चिकटतो नाहीतर घसरतो, आणि गिरकी घेणाऱ्याचा गुडघा जातो.

पेटी भारतात आणायची असेल तर

रेकॉर्ड नेहमी उभी, एका पेटीत पन्नासच्या आसपास, प्रत्येकीला नवं आम्लमुक्त पाकीट आणि बाहेरून पॉलिथीनचं. जुनं कंपनीचं पाकीट फेकू नका, ते मागे वेगळं ठेवा. साठवणीला १८ ते २० अंश आणि ३५ ते ५० टक्के आर्द्रता सांगतात. मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळ्यात ते शक्य नाही, म्हणून निदान बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं लाकडी कपाट आणि माळा टाळा. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत तासभर राहिलेलं विनायल बशीसारखं होतं. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक पेटीत सिलिका जेलच्या पुड्या आणि एक स्वस्त आर्द्रतामापक ठेवा. पुड्या रंग बदलणाऱ्या घ्या. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर पंधरवड्याला बघा, आणि रंग बदललेल्या पुड्या ओव्हनमध्ये वाळवून, पूर्ण गार झाल्यावरच परत आत टाका.